सुट्या होणाऱ्या रायफलीवर दुर्बीण कुठे बसवायची?

बारा बोअरची दुनळी ज्याने जवळून पाहिली आहे, त्याने सुटी होणारी बंदूक पाहिलीच आहे. पुढची लाकडी पट्टी काढायची, खटका सरकवून नळ्या खाली झुकवायच्या आणि खाचेतून उचलून घ्यायच्या. बंदुकीचे तीन भाग होतात. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या बाजूला पीक संरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका अजून आहेत, आणि निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतल्या कारखान्यांनी हीच सोय शिकारीच्या रायफलीत आणली. अशा रायफलीला जगभर टेकडाउन रायफल म्हणतात.

त्यामागचं कारण प्रवास. अखंड रायफल सव्वा मीटरच्या आसपास भरते. ती रेल्वेच्या डब्यात अडते, घोड्यावर बांधली तर झाडाझुडपांत अडकते, बैलगाडीत तिचा दस्ता फुटतो. सुटी केली की नळीच्या लांबीच्या चामडी पेटीत सगळी मावते. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली आणि संस्थानात येणाऱ्या पाहुण्यांच्या सामानात अशा पेट्या दिसणं साहजिकच होतं. हिंदुस्थानातले राजेरजवाडे तर हॉलंड अँड हॉलंड, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स या ब्रिटिश घराण्यांचे मोठे गिऱ्हाईक होते.

आता अशा जुन्या रायफलीवर दुर्बीण, म्हणजे आजच्या भाषेत स्कोप, बसवायचा म्हटला तर प्रश्न दोन पट्ट्या आणि चार स्क्रूंचा वाटतो. तो तसा नाही. जी वस्तू मुळातच सुटी व्हावी म्हणून बनवली, तिच्यावर केसभरही हलू नये असं काही बसवायचं आहे.

केसभर म्हणजे किती, हे कोल्हापुरात समजावणं सोपं आहे, कारण उद्यमनगरातला कुठलाही टर्नर थाऊमध्ये विचार करतो. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिलिमीटर. स्कोप ज्या दोन आधारांवर टेकतो त्यांच्यात १० सेंटिमीटर अंतर आहे असं धरू. त्यातला मागचा आधार फक्त एक थाऊ वर उचलला गेला, तर १०० मीटरवर नेम २.५४ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे बरोबर एक इंच. साध्या छपाईच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे चारेक थाऊ असते. तेवढा कागद एका आधाराखाली सरकवला तर १०० मीटरवर फरक पडतो १० सेंटिमीटरचा. लेथवर चार थाऊचा प्ले असलेला जॉब कोणी नाकारणार नाही कदाचित. इथे तो नाकारावाच लागतो.

आणि सुट्या रायफलीत हा प्ले एका ठिकाणी जन्मजात असतो: जिथे नळी आणि यंत्रणा, म्हणजे काडतूस भरून उडवणारा भाग, एकत्र येतात त्या सांध्यात. माउंट, म्हणजे स्कोप धरून ठेवणारी बैठक, निवडताना पहिला प्रश्न ब्रँडचा, किमतीचा किंवा दुर्बिणीच्या ताकदीचा नसतो. स्कोप सांध्याच्या कोणत्या बाजूला बसणार, हा असतो. स्कोप यंत्रणेवर आणि गोळी नळीतून, असं झालं की दोघांच्या मध्ये तो सांधा येतो. रायफल प्रत्येक वेळी जोडताना नळी मागच्या वेळी जिथे होती तिथेच बसली तर ठीक. नाही तर स्कोप एकीकडे बघतो आणि नळी दुसरीकडे. स्कोप नळीवरच असेल तर सांधा थोडा सैल असला तरी बघणारी वस्तू आणि गोळी सोडणारी वस्तू यांचं नातं बदलत नाही.

जुन्या कारागिरांना हे ठाऊक होतं. जुन्या रायफलीची लोखंडी नेमाची साधनं पाहा. एनसीसीत ज्यांना फोरसाइट आणि बॅकसाइट म्हणायला शिकवतात ती दोन्ही, बहुतेक सुट्या रायफलींवर नळीवरच असतात. रायफल शंभरदा सोडा आणि जोडा, त्या दोघांमधलं अंतर आणि कोन तेच राहतात. याच कारणाने यंत्रणेवर किंवा दस्त्याच्या मानेवर बसवलेली भोकाची बॅकसाइट, म्हणजे पीप साइट, सुट्या रायफलीला मला तरी फारशी पटत नाही. एक साइट सांध्याच्या अलीकडे, दुसरी पलीकडे. ही अडचण स्कोपइतकीच मोठी आहे, फक्त तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

सांध्यांचे प्रकार मात्र वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. सगळ्यांत उदार दुनळी रायफल. तिच्या दोन नळ्या मधल्या पट्टीसकट एकमेकींना कायमच्या जोडलेल्या असतात आणि ती सगळी जोडी एकसंध उचलली जाते. स्कोपचा पाया त्या मधल्या पट्टीवर बसवला की काम झालं. यंत्रणेशी त्याचा संबंधच येत नाही. पण या उदारपणात एक सापळा आहे. दोन नळ्या समांतर नसतात. दोन्हींच्या गोळ्या ठरावीक अंतरावर जवळजवळ एकत्र पडाव्यात म्हणून कारागीर गोळ्या झाडून पाहत, तोंडाशी पाचर सरकवून, डाख पुन्हा तापवून त्यांचा कोन ठरवतो. हे काम आठवडेच्या आठवडे चालतं. नळ्या ज्या मऊ डाखाने जोडलेल्या असतात, त्या शिसं-कथलाच्या डाखाचा वितळबिंदू १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. नवा पाया डाखाने बसवायला कोणी तिथे बेसुमार दिवा धरला, तर लंडन-बर्मिंगहॅमच्या कारागिराने महिनाभर खपून जुळवलेला कोन पाच मिनिटांत सुटू शकतो. म्हणून दुनळीवर पाया बसवायचा तर तो ज्याने दुनळ्या जुळवल्या आहेत अशाच हाताकडून.

दुसरा प्रकार बोल्टवाल्या रायफलींचा. रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स, जेफ्री यांनी जर्मन मॉझर यंत्रणेवर सुट्या रायफली बांधल्या. इथे नळीच्या मुळाशी आणि यंत्रणेच्या तोंडाशी आटे असतात, पण सलग नाहीत. मधले पट्टे कापून काढलेले. बल्ब होल्डरमध्ये घालून फिरवतो तशी नळी आत सरकवून पाव वळसा दिला की आटे एकमेकांत गुंततात. हीच युक्ती तोफांच्या मागच्या झाकणात वापरली गेली आहे. नवी असताना ही जोडणी इतकी घट्ट असते की हाताला जाणवावी. पन्नास वर्षांनी तेल, गंज आणि हजारो वळशांनी ती झिजते. नळी तेवढाच वळसा घेऊन थांबते का, की जरा पुढे जाते, यावर सगळा खेळ.

तिसरा प्रकार अमेरिकी. विंचेस्टरच्या खालच्या लीव्हरच्या रायफली आणि सॅव्हेजची १८९९ ची रायफल या दोन्ही सुट्या मिळत. विंचेस्टरने झीज गृहीत धरून सांध्यात फेरजुळणीची सोय ठेवली होती, हे त्यांच्या इंजिनीअरांच्या शहाणपणाचं लक्षण. पण जुनी विंचेस्टर रिकामं काडतूस सरळ वर फेकते. स्कोप मधोमध बसवला तर काडतूस स्कोपवर आदळणार. म्हणून तिच्यावर स्कोप बाजूला कलवून बसवत, आणि नेम धरणाऱ्याची मान सदैव वाकडी. काडतूस तिरकं फेकण्याची सुधारणा कंपनीने १९८० च्या दशकात केली. सॅव्हेज मात्र काडतूस बाजूला फेकते, त्यामुळे वरची जागा मोकळी. तरीही तिची नळी यंत्रणेतून सुटते, म्हणजे वर लिहिलेला सांध्याचा प्रश्न राहिलाच.

मग कोल्हापुरातल्या जुन्या शिकारी रायफलींवर दुर्बिणी होत्या का? थोडं मागे जाऊन पाहायला हवं. नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात मेजर चार्ल्स मँटच्या आराखड्यावर काळ्या दगडात उभा राहिला. आज त्यातल्या शहाजी छत्रपती संग्रहालयात शस्त्रं, पेंढा भरलेली जनावरं आणि शिकारीची छायाचित्रं पाहायला मिळतात. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात इथली शिकार दोन अगदी निराळ्या भूमींवर चाले. माळावरच्या काळविटांसाठी शिकवलेले चित्ते होते. चित्ता सोडला की बंदुकीचं कामच नव्हतं. दाजीपूरच्या जंगलात गव्यासाठी रायफल लागे, पण त्या दाटीत गवा दिसतो तोच तीस-चाळीस पावलांवर. सावराई सड्यासारखी उघडी जांभ्याची पठारं सोडली, तर तिथे लांबचा नेम धरायला लांबवर दिसतच नाही. शिवाय गव्याच्या जाड हाडामांसासाठी जी जड रायफल लागते तिचा धक्का असा, की डोळ्याजवळचा स्कोप भुवई फोडतो. माझ्या मते इथल्या रायफलींवर उघडी लोखंडी साइट राहिली ती मागासपणामुळे नव्हे, तर या दोन कारणांनी. जिम कॉर्बेटची १९०७ मध्ये भेट मिळालेली .२७५ रिग्बीसुद्धा उघड्या साइटचीच आहे.

युरोपात चित्र वेगळं होतं. आल्प्सच्या उतारावर शॅमॉय ही रानबकरी तीनशे पावलांवर दिसते, संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात रानडुक्कर शेताच्या कडेला येतं. व्हिएन्नात कार्ल काह्लेसने १८९८ मध्ये कारखाना काढला; जर्मनीत त्साइस आणि हेन्सोल्ट होते. आणि तिथेच, सुट्या रायफलींच्या देशात, माउंटचा सगळ्यांत देखणा प्रकार जन्मला: नखांचा माउंट. स्कोपच्या खाली पुढे दोन आणि मागे दोन नखं असतात. पुढची नखं पायाच्या खाचेत तिरकी घालायची, मागची बाजू खाली दाबायची, खटका टक्‌कन बसतो. काढायला दोन सेकंद, लावायला तीन. पेटीत स्कोप स्वतंत्र, नळी स्वतंत्र.

हा माउंट दुकानातून आणून बसवता येत नाही. प्रत्येक नख त्या एका रायफलीच्या त्या एका खाचेसाठी कानशीने घासलेलं असतं. कारागीर पृष्ठभागावर दिव्याची काजळी धरतो, नख बसवतो, काढतो. काजळी जिथे पुसली गेली तिथेच धातू धातूला टेकतो आहे, तेवढाच उंचवटा घासतो आणि पुन्हा काजळी धरतो. उद्यमनगरातले जुने फिटर दोन पाट निळा रंग लावून जुळवतात, तेच हे काम, फक्त नखाएवढ्या जागेत. अशा माउंटने स्कोप शेकडो वेळा काढला-लावला तरी नेम परत जागेवर येतो, आणि हे मला या सगळ्या विषयातलं खरं नवल वाटतं: विजेचं मोजमाप यंत्र नसताना, कानशी आणि काजळीच्या जोरावर, एका थाऊच्या आतलं काम.

जी जुनी रायफल अशा नखांच्या पायासकट मिळाली असेल तिच्या मालकाला निवड करायचीच नाही. पाया तसाच ठेवावा, त्याला जुळणारा स्कोप शोधावा. इथे नळकांड्याचा व्यास आडवा येतो. आजचे स्कोप बहुधा एक इंच किंवा ३० मिलिमीटर जाडीच्या नळकांड्याचे. जुने युरोपीय २६ किंवा २६.५ मिलिमीटरचे, जुने अमेरिकी सात अष्टमांश किंवा पाऊण इंचाचे. पाऊण इंचाचा वीव्हर स्कोप १९३० मध्ये स्वस्तात आला आणि सामान्य अमेरिकी शिकाऱ्याच्या हाती पहिल्यांदा दुर्बीण पोहोचली. मापांच्या या घोळात जाड स्कोप घट्ट रिंगमध्ये कोंबू नये. नळकांडं चेपतं आणि आतली भिंगं तिरकी होतात. शिवाय १९३५ मध्ये त्साइसमध्ये अलेक्झांडर स्माकुलाने भिंगावरचा परावर्तनरोधक थर शोधण्याआधीचे स्कोप अंधुक प्रकाशात डोळ्याला पोकळ वाटतात. शोभेसाठी जुना स्कोप, पाहण्यासाठी नवा, असा माझा सरळ हिशेब.

पाया नसलेल्या रायफलीचं काय? इथे पहिला मोह ड्रिलचा होतो, आणि तोच आवरायला हवा. यंत्रणेच्या डोक्यावर भोक पाडून आटे कापले की ती रायफल पुन्हा कधीही मूळची राहत नाही, आणि संग्राहकाच्या बाजारात तिची किंमत पडते. तांत्रिक अडचणही आहे. जुन्या यंत्रणांचा पृष्ठभाग आतल्या पोलादापेक्षा कठीण केलेला असतो. साधा ड्रिल त्यावर नुसता घसरतो, आणि जोर दिला की भोक अक्षापासून सरकतं. अक्षापासून सरकलेल्या भोकांवर बसवलेला स्कोप मग आडव्या फिरकीने कितीही ओढला तरी मध्यावर येत नाही. सॅव्हेजने कारखान्यातून भोकं पाडून रायफली द्यायला सुरुवात केली ती १९५० च्या सुमारास. सुट्या होणाऱ्या त्या आधीच बंद झाल्या होत्या. म्हणजे जुनी सुटी सॅव्हेज बिनभोकाची दिसली तर ते तिचं मूळ रूप आहे, उणीव नव्हे.

बाजूने लावायचा माउंट हा मधला मार्ग. न्यूयॉर्कच्या ग्रिफिन अँड हौने दोन खटक्यांचा बाजूचा माउंट लोकप्रिय केला. दुसऱ्या महायुद्धातल्या एम १ सी या स्नायपर रायफलीचा माउंटही त्यांचाच. भोकं पडतात, पण बाजूच्या भिंतीत, आणि वरची रेषा स्वच्छ राहते. मात्र हाही यंत्रणेवरच बसतो. सांधा घट्ट असलेल्या रायफलीसाठीच तो ठीक.

सुट्या रायफलीला सर्वांत तर्कशुद्ध उत्तर मला नळीवरच्या माउंटचं वाटतं. बहुतेक जुन्या नळ्यांवर बॅकसाइटसाठी आडवी खाच असते. ती बॅकसाइट जपून काढून ठेवायची, तिच्याच खाचेत पट्टीचा पाया अडकवायचा, आणि त्यावर लांबून पाहण्याचा स्कोप बसवायचा. साधा स्कोप डोळ्यापासून आठ-नऊ सेंटिमीटरवर धरावा लागतो. हा पंचवीसेक सेंटिमीटर किंवा त्याहूनही लांबून पाहता येतो. ताकद कमी, दोन ते चारपट, पण दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात आणि भुवई सुरक्षित राहते. अमेरिकेत जेफ कूपरने १९८० च्या दशकात ‘स्काउट’ रायफलीची कल्पना मांडली ती अशाच स्कोपभोवती, सुट्या रायफलीचा विचार मनात नसताना. नवीन भोक एकही पडत नाही, आणि मालकाचं मन बदललं तर बॅकसाइट परत जागेवर. यात दोष आहेत: वजन पुढे जातं, नळी तापली की तिच्यावरची हवा थरथरते आणि प्रतिमा लहरते, आणि एकाच खाचेवर बसलेला पाया धक्क्याने पुढे सरकू शकतो. जड बोअरच्या रायफलीवर हा मार्ग वापरूच नये. आजच्या कारखान्यांनीही शेवटी नळीच निवडली आहे. जर्मनीच्या ब्लेझर आर ९३ चा खोगिरासारखा माउंट सरळ नळीवर बसतो, आणि ब्राउनिंगच्या सुट्या बीएलआरसाठी नळीवरचा स्काउट पाया मिळतो.

उंचीचा प्रश्न मात्र कुठलाच माउंट टाळू शकत नाही. जुना दस्ता उघड्या साइटसाठी कोरलेला, म्हणजे गाल टेकवला की डोळा नळीच्या जवळ येतो. स्कोप चार सेंटिमीटर वर गेला की गाल हवेत. त्यासाठी चामड्याची गाल-गादी दस्त्याला बांधावी. दस्ता तासून किंवा लाकूड चिकटवून नव्हे. मॉझर यंत्रणेत आणखी एक खोड आहे. तिचा सेफ्टीचा पंखा वर उभा राहून डावीकडून उजवीकडे फिरतो आणि बोल्टचा दांडा वर उचलला जातो. दोन्ही गोष्टी खाली बसवलेल्या स्कोपला धडकतात. खरेदीआधी रिकाम्या रायफलीवर स्कोप नुसता धरून बोल्ट उघडून पाहिला तर हा घोटाळा दुकानातच कळतो.

कोल्हापूरच्या संदर्भात एक विरोधाभास नोंदवण्यासारखा आहे. रायफलीसाठी आज हे शहर ज्यांच्यामुळे ओळखलं जातं, त्यांच्यापैकी कोणीही स्कोप वापरत नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवलं. या स्पर्धांत दुर्बिणीच्या साइटला बंदी आहे. मागे बारीक भोक, पुढे गोल कडं, आणि ५० मीटरवरचं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं. दाजीपूरचं शिकारी जंगल १९५८ मध्ये अभयारण्य झालं, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला. शिकार संपली, आणि ज्या राधानगरी तालुक्यात गव्यावर रायफली रोखल्या जात तिथलाच मुलगा पदकासाठी रायफल घेऊन पॅरिसला गेला.

जुनी रायफल घरी वारशाने असलेल्या माणसाला म्हणून शिकारीसाठी स्कोप लागत नाही. लागत असेल तर तो रेंजवरच्या कागदी लक्ष्यासाठी, किंवा रायफल तिच्या काळासारखी पूर्ण दिसावी म्हणून. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती-फेरफार परवाना असलेल्या कारागिरानेच करायचे असतात. उद्यमनगरातला टर्नर कितीही तरबेज असला तरी त्याच्या लेथवर हे काम नेता येत नाही. संग्रहालयातल्या रायफलीचा तर विचारच नको. तिथे उद्या परत काढता येणार नाही असं काहीही आज करत नाहीत.

माउंट निवडून बसवल्यावर त्याची परीक्षा एकाच पद्धतीने होते, आणि ती मान्यताप्राप्त रेंजवरच करायची. टेबलावर आधार ठेवून एका लक्ष्यावर पाच गोळ्या झाडाव्यात आणि त्यांच्या झुपक्याचा मध्य खुणेने टिपावा. मग रायफल पूर्ण सुटी करावी, सांधा पुसून तेलाचा पातळ हात द्यावा, पुन्हा जोडावी, आणि काहीही न फिरवता आणखी पाच झाडाव्यात. असं तीनदा. दर वेळी पुढची लाकडी पट्टी सारख्याच जोराने आवळावी, कारण तिचा दाब नळीला वाकवतो आणि दोष माउंटवर जातो. झुपक्यांचे मध्य १०० मीटरवर तीन सेंटिमीटरच्या आत राहिले तर नळीवरचा असो वा यंत्रणेवरचा, माउंट चांगला आहे. ते दहा-पंधरा सेंटिमीटर भटकत असतील तर आधी स्कोप उतरवून तीच परीक्षा लोखंडी साइटवर करावी. तिथे मध्य जागेवर राहिला, तर एक तर माउंटच सैल आहे, नाही तर सांधा झिजला आहे आणि स्कोप त्याच्या चुकीच्या बाजूला बसला आहे. तिथेही भटकला, तर आधी नळी आणि पट्टी दाखवावी, स्कोपवर खर्च नंतर.